शुक्तीचा आहार आणि सागराचे प्रसादन
(पाणी गाळून जगणारे प्राणी आणि आपली सुधावर्गीय द्रव्ये)

प्रवाळपंचामृत हा कल्प आपल्यापैकी बहुतेकांच्या नित्य वापरातील आहे. प्रवाळ, मौक्तिक, शंख, मुक्ताशुक्ती आणि कपर्दिका ही त्याची पाच प्रमुख द्रव्ये. पाचही समुद्रातून येतात, पाचही प्राणिज आहेत आणि रासायनिक दृष्टीने पाचहींचा मुख्य घटक एकच, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कामदुधा रसातही हीच मंडळी गैरिक आणि गुडूचीसत्त्वाच्या सोबतीने येतात. असे असूनही ही द्रव्ये ज्या प्राण्यांच्या शरीरातून येतात, ते प्राणी कसे जगतात, काय खातात आणि समुद्रात त्यांचे कार्य काय, याचा विचार आपल्या अभ्यासक्रमात फारसा होत नाही. वनस्पतिज द्रव्याचे कूळ, उत्पत्तिस्थान आणि संग्रहकाल आपण पाठ करतो. शुक्तीच्या बाबतीत मात्र “समुद्रात मिळते” एवढ्यावर काम भागवतो. नांदेड-लातूरकडील आपल्यासारख्या वैद्यांना समुद्र तीनचारशे किलोमीटर दूर असल्याने हे स्वाभाविकही आहे. परंतु पोत्यातून येणाऱ्या शिंपल्यांच्या गुणदोषाचे मूळ त्या प्राण्याच्या आहारातच असल्यामुळे हा विषय औषधनिर्माण करणाऱ्यांनी तरी समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम या पाच द्रव्यांचे आहाराच्या दृष्टीने वर्गीकरण करू. शंख, म्हणजे टर्बिनेला पायरम, हा मांसाहारी आहे. तो समुद्रतळाच्या वाळूत राहणारे कृमी शोधून खातो. कपर्दिका, म्हणजे कवडीचा प्राणी, खडकावरील शेवाळ खरवडून खातो. राहिली तीन द्रव्ये. त्यातील मुक्ताशुक्ती आणि मौक्तिक ही एकाच प्राण्यापासून मिळतात आणि हा प्राणी अन्नाच्या शोधात कोठेही जात नाही. तो खडकाला चिकटून बसतो, पाणी आत घेतो, त्यातील सूक्ष्म कण गाळून ठेवतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. प्रवाळाची गोष्ट थोडी निराळी असली तरी तत्त्व तेच आहे. भूमध्य समुद्रातील रक्तप्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपाला आठ लहान भुजा असतात आणि वाहत्या पाण्यातून येणारे कण व सूक्ष्म जीव तो या भुजांनी टिपतो. उथळ समुद्रातील अनेक प्रवाळांच्या शरीरात शैवाल राहते व ते त्यांना अन्न पुरवते. रक्तप्रवाळाला ही सोय नाही. पाण्यासोबत जे वाहून येईल त्यावरच त्याचा निर्वाह चालतो. त्यामुळे त्याची वाढ अत्यंत मंद असते. त्याच्या फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरदेखील वाढत नाही. तोळाभर प्रवाळ खलात घालताना त्यामागे किती वर्षे आहेत, याची कल्पना यावरून येईल.

पाणी गाळून अन्न मिळविणाऱ्या अशा प्राण्यांना या लेखात आपण ‘गाळणाहारी’ म्हणू. शिंपले हे त्यांचे आपल्याला सर्वात जवळचे उदाहरण असले तरी हा वर्ग फार मोठा आहे. स्पंज हा अतिप्राचीन प्राणी याच पद्धतीने जगतो. कोकणात विपुल मिळणारी तारली आपल्या कल्ल्यांजवळील दाट कंगव्यासारख्या रचनेतून पाणी गाळून सूक्ष्म वनस्पती खाते. जगातील सर्वात मोठा मासा, व्हेल शार्क, याच मार्गाने पोट भरतो आणि पृथ्वीवरील सर्वात मोठा प्राणी, निळा देवमासा, हादेखील दातांऐवजी असलेल्या झालरीसारख्या पट्ट्यांतून पाणी गाळून कोळंबीसारखे इवलेसे जीव गिळतो. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंडा येथे असाच एक निळा देवमासा किनाऱ्यावर येऊन मृत्यू पावला, त्याची वृत्ते अनेकांना आठवत असतील. आणि समुद्रच कशाला हवा? जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात येणारा रोहित पक्षी आपली वाकडी चोच पाण्यात उलटी धरून चिखलपाणी गाळतो, तोही याच पंगतीतला. आपल्या बाजारात मिळणारा कटला आणि चंदेरा हे मासेसुद्धा पाण्यातील सूक्ष्म जीव गाळूनच वाढतात.

शिंपल्याच्या आत काय घडते

शिंपल्याची दोन पुटे किंचित उघडली की एका बाजूने पाणी आत येते. हे पाणी ओढण्यासाठी स्नायूंचा पंप नसतो. कल्ल्यांच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म केस असतात, त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. त्या लयबद्ध रीतीने हलत राहतात आणि त्यांच्या हालचालीने पाण्याचा अखंड प्रवाह निर्माण होतो. म्हणजे जे कल्ले श्वसन करतात तेच अन्नही गोळा करतात. पाण्यातील कण कल्ल्यांवरील श्लेष्मात अडकतात, त्याच्या दोऱ्या बनतात आणि त्या मुखाकडे सरकविल्या जातात. मुखाजवळ पाकळ्यांसारखे दोन जोड अवयव असतात. येथे निवड होते. योग्य आकाराचे व पोषक कण आत घेतले जातात. वाळू, माती व नको असलेला भाग श्लेष्मात गुंडाळून, अन्नमार्गात न नेताच, बाहेर टाकला जातो. त्याला शास्त्रज्ञ ‘आभासी मल’ म्हणतात, कारण तो पचनातून गेलेला नसतो. ग्राह्य आणि त्याज्य यांचा असा विभाग पचनापूर्वीच होतो, हे वाचताना सारकिट्टविभजनाची आठवण वैद्याला होणे साहजिक आहे. मात्र हे साम्य केवळ स्मरणापुरतेच ठेवावे. त्यावरून सिद्धान्त रचण्याचे कारण नाही.

या प्रक्रियेचा वेग आश्चर्यकारक आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तापमान, क्षारता आणि गढूळपणा यांवर हे प्रमाण पुष्कळ कमीजास्त होते. तरीही तळहाताएवढ्या प्राण्याच्या मानाने ते फार मोठे आहे. तेथील चेसापीक उपसागराबाबत न्यूवेल या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एक हिशेब मांडला. १८७० पूर्वी त्या उपसागरात जेवढी कालवे होती, ती संपूर्ण उपसागराएवढे पाणी तीन ते सहा दिवसांत गाळू शकत होती. अतिमासेमारी, रोग व प्रदूषण यांनी त्यांची संख्या इतकी घटली की, त्याच कामाला पुढे जवळजवळ वर्ष लागू लागले. तो उपसागर गढूळ का झाला, तळावरचे सागरी गवत का नष्ट झाले, याच्या कारणांत खतांच्या वाहून येणाऱ्या नायट्रोजनसोबत या हरवलेल्या गाळणीचाही समावेश होतो.

येथे केवळ पाणी स्वच्छ होते एवढेच कार्य नाही. वरच्या थरातील सूक्ष्म वनस्पती प्रकाशावर वाढतात. शिंपले त्यांना गाळून तळाशी मलरूपाने बसवितात आणि त्यामुळे तळावरील जीवांना अन्न मिळते. या तळावरील गाळात असलेले जिवाणू त्यातील काही नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करतात. पाणी निर्मळ झाले की सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो व सागरी गवत वाढते. त्या गवतात आणि कालवांच्या रचलेल्या थरांत माशांची व कोळंब्यांची पिल्ले आश्रय घेतात. शिंपल्यांचे थर लाटांचा जोरही मोडतात. देवमाशांचे कार्य याच्या उलट दिशेने चालते. ते अन्न अनेकदा खोल पाण्यात घेतात आणि मल पृष्ठभागाजवळ सोडतात. त्यातील लोह व नायट्रोजन वरच्या थरातील वनस्पतींना खतासारखे उपयोगी पडतात.

सुश्रुतांचे प्रसादन आणि जिवंत शिंपला

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, द्रवद्रव्यांच्या अध्यायात, गढूळ पाणी निवळविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेद, कमळाच्या मुळाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मौक्तिक आणि मणी. पावसाळ्यात गोदावरीचे लाल पाणी तुरटी फिरवून निवळविणाऱ्या नांदेडच्या घरांना ही यादी परकी वाटू नये. यापैकी निवळीच्या बीमुळे कण एकत्र येऊन तळाशी बसतात, हे आधुनिक प्रयोगांतही दिसून आले आहे. वस्त्राने पाणी गाळले जाते. मौक्तिकाचा उल्लेख या यादीत यावा, हे मात्र विशेष आहे. कारण ज्या प्राण्याच्या पोटी मोती होतो, तो प्राणी जन्मभर पाणी निवळविण्याचेच काम करतो.

या योगायोगाला फार ताणू नये, असे माझे मत आहे. संहिताकारांनी जिवंत शिंपल्याचे गाळणकार्य पाहिले होते असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी सांगितले आहे ते मोत्याबद्दल, आणि मोती पाण्यात टाकल्यास होणारे कार्य व जिवंत प्राण्याच्या पक्ष्माभिकांचे कार्य या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. आपल्या सभासंमेलनांत प्रत्येक नव्या शोधाचे बीज जुन्या श्लोकात दाखविण्याची जी हौस दिसते, तिने शास्त्राचा मान वाढत नाही. सुश्रुतांनी आनूपवर्गात शंख, शुक्ती, शंबूक इत्यादींचा ‘कोशस्थ’ असा स्वतंत्र गट केला, म्हणजे कवचात राहणारे प्राणी एकत्र ठेवले, हे निरीक्षणच पुरेसे मोठे आहे.

जे गाळले जाते ते साठतेही

आता या विषयाचा औषधनिर्मितीशी असलेला खरा संबंध पाहू. गाळणी जे अडविते ते तिच्यात राहते. शिंपला पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींसोबत जिवाणू, विषाणू, जड धातू आणि अलीकडे प्लास्टिकचे सूक्ष्म कणही घेतो. त्याच्या शरीरात या द्रव्यांचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या अनेक पटींनी वाढते. या गुणाचा उपयोग शास्त्रज्ञांनी उलट करून घेतला आहे. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये अशी कल्पना मांडली की, किनाऱ्यावरील प्रदूषण मोजायचे तर पाणी तपासण्यापेक्षा शिंपले तपासावेत, कारण पाण्याची एक बाटली एका क्षणाची माहिती देते आणि शिंपला अनेक महिन्यांची. अमेरिकेत १९८६ पासून या तत्त्वावर नियमित तपासणी चालू झाली.

रुग्णांच्या दृष्टीने याचे गंभीर परिणाम नोंदविलेले आहेत. १९८८ मध्ये चीनमधील शांघाय येथे दूषित शिंपले अर्धकच्चे खाल्ल्याने कामलेची, म्हणजे हिपॅटायटिस ए या विकाराची, सुमारे ३ लाख लोकांना बाधा झाली. केरळमधील विळिंजम येथे १९९७ मध्ये शिंपले खाल्ल्यानंतर झालेल्या विषबाधेत सात जणांचा मृत्यू झाला. अशा विषबाधेचे कारण बहुधा काही सूक्ष्म सागरी वनस्पतींचे विष असते. शिंपला ते गाळून साठवितो, त्याला स्वतःला अपाय होत नाही, आणि साध्या शिजविण्याने ते विष नष्ट होत नाही. ओठ-जिभेला मुंग्या येणे, नंतर अवयवांचे बल जाणे आणि श्वासावरोध अशी लक्षणे काही तासांत दिसू लागतात. कोकण-गोव्याच्या सहलीहून परतलेल्या रुग्णाने शिनाणे, कालवे किंवा तिसऱ्या खाल्ल्याचे सांगून अशी लक्षणे सांगितल्यास वेळ न दवडता कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. हे काम दवाखान्यात बसून करण्याचे नाही.

आपण मांस नव्हे तर कवच वापरतो, हा आक्षेप येथे योग्यच आहे. धातूंचा संचय मुख्यतः मृदू मांसात, विशेषतः पाचक ग्रंथी व कल्ल्यांत, होतो. कवचात त्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे कमी असते. पण ते शून्य नसते. कवच वर्षानुवर्षे थरांनी वाढते आणि प्रत्येक थरात त्या काळच्या पाण्याची खूण राहते. शिवाय बाजारात येणाऱ्या शिंपल्यांना वाळलेले मांस, शेवाळ व चिखल चिकटलेला असतो. मुक्ताशुक्तीचे शोधन जयंती स्वरसात किंवा अम्ल द्रवात दोलायंत्राने करण्याचा आणि त्यापूर्वी उष्णोदकाने धुण्याचा विधी आपल्याकडे आहे. या विधीला केवळ परंपरा म्हणून उरकणाऱ्यांनी त्यामागील हेतू लक्षात घ्यावा. भस्म करताना निदान तीव्र अग्नी सेंद्रिय अंश व जंतू जाळून टाकतो. धातू मात्र अग्नीने नाहीसे होतात असे गृहीत धरता येत नाही. पिष्टीला तर अग्निसंस्कारच नाही. गुलाबजलात खल करून ती थेट रुग्णाच्या पोटात जाते. म्हणून मुक्ताशुक्ती पिष्टी करणाऱ्याने शिंपला निवडण्यात, घासून धुण्यात आणि शोधनात भस्म करणाऱ्यापेक्षा अधिक दक्षता घ्यावी, हे ओघानेच आले.

२००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली आणि त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळले. त्या अहवालाने मोठे वादळ उठले. पुढे आयुष विभागाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी बंधनकारक केली. शिसे १०, सोमल ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा सर्वांना परिचित आहेत. त्या मर्यादा वनस्पतिज औषधांसाठी आहेत. तरीही आपल्याकडे येणाऱ्या शिंपल्यांच्या प्रत्येक नव्या खेपेचा निदान शिसे व कॅडमियम यांचा अहवाल घेऊन ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. तो खर्च एका खेपेच्या मानाने मोठा नसतो.

पोत्यातील शिंपला कोणता?

मुक्ताशुक्ती म्हणजे मोती देणाऱ्या शिंपल्याचे कवच. भारतात हा प्राणी, पिंक्टाडा फुकाटा, मुख्यतः मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात आढळतो. तुतिकोरिनचा मोतीव्यवसाय प्राचीन काळापासून प्रसिद्ध होता. १९६१ नंतर तेथील मोठे मोतीमोसम थांबले. १९७३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने तुतिकोरिन येथे संवर्धित मोती तयार करण्यात यश मिळविले. थोडक्यात, खऱ्या मुक्ताशुक्तीचा पुरवठा पूर्वीच्या मानाने मर्यादित आहे आणि मागणी मात्र देशभराच्या औषधशाळांची आहे. ही तफावत कशाने भरून निघते, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या गोदामातील पोते उघडून पाहावे. आमच्या भागातील बाजारातून आलेल्या एका पोत्यात मी चार निरनिराळ्या प्राण्यांची कवचे वेगळी काढली आहेत. देयकावर अर्थातच एकच नाव होते.

ओळख फारशी कठीण नाही. मोत्याच्या शिंपल्याची बाह्यरेषा काहीशी चौकोनी, बिजागरीची कड सरळ आणि तिच्या दोन्ही टोकांना कानासारखे लहान फाटे असतात. आतील पृष्ठ दाट मोतिया चमकीचे असते, परंतु कडेला ती चमक संपून तपकिरी किंवा फिकट पट्टा दिसतो. जलशुक्ती, म्हणजे गोड्या पाण्यातील लॅमेलिडेन्स, लांबट अंडाकृती असते. बाहेरून तिच्यावर हिरवट तपकिरी ते काळपट पातळ साल असते. आतून तीही मोतिया चमकते, म्हणून फसगत होते ती येथेच. मात्र तिला कान नसतात. खाद्य कालवाचे कवच ओबडधोबड, एकमेकांशी न जुळणारे, खडबडीत थरांचे असते आणि आतून खडूसारखे पांढरे, मोतिया चमकीविना असते. अगदी सपाट, कागदासारखा पातळ व अर्धपारदर्शक शिंपला आढळला तर तो पूर्वी खिडक्यांना लावला जाणारा प्लॅकुना होय. गोव्यातील जुन्या घरांत तो आजही दिसतो.

ही ओळख पुटापूर्वीच करावी लागते, याचे एक रासायनिक कारण आहे. कॅल्शियम कार्बोनेट दोन प्रकारच्या स्फटिकांत असते, ॲरागोनाइट व कॅल्साइट. जलशुक्तीचे संपूर्ण कवच ॲरागोनाइटचे असते. खाद्य कालवाचे मुख्यतः कॅल्साइटचे असते. मोत्याच्या शिंपल्यात बाहेरचा स्तंभमय थर कॅल्साइटचा आणि आतील मोतिया थर ॲरागोनाइटचा असतो, आणि या स्फटिकांना जोडणारे प्रथिन त्यांच्यामध्ये असते. क्ष-किरण विवर्तनाने प्रयोगशाळेत हे कच्च्या चूर्णातही कळते. अग्नी दिल्यावर मात्र ॲरागोनाइटचे कॅल्साइट होते, अधिक तापमानात त्याचाही चुना होतो, प्रथिन जळून जाते आणि मूळ कोणते होते हे सांगणे अवघड होऊन बसते. आम्ल टाकून फसफसते का पाहण्याची पद्धत तर निरुपयोगीच आहे. शिंपल्याप्रमाणे संगमरवरी दगडही फसफसतो.

काही वैद्यबंधू असे म्हणतील की, शेवटी चुनाच व्हायचा असेल तर प्राणी कोणता हे पाहण्याचे कारण काय? या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्यात अर्थ नाही. मुख्य घटकाच्या दृष्टीने भेद थोडा आहे, हे मान्य करावे. परंतु रसतरंगिणीकारांनी शुक्तीचे मुक्ताशुक्ती व जलशुक्ती असे दोन प्रकार सांगून दोन्ही औषधी मानल्या आहेत. त्यामुळे जलशुक्ती वापरणे हा दोष नाही. जलशुक्ती वापरून मुक्ताशुक्तीचे नाव व मूल्य लावणे हा दोष आहे. लेबलवरील नाव आणि डब्यातील द्रव्य एकच असावे, ही कायद्याची अपेक्षा आहे. २००० मध्ये अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या मालाची ओळख व नोंद ठेवणे हे औषधशाळेचे कर्तव्यच आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याचाही येथे विचार करावा लागतो. २००१ मध्ये व्हेल शार्क, सर्व कठीण खडकनिर्मात्या प्रवाळांचे प्रकार, महाशिंपला म्हणजे ट्रायडॅक्नाच्या जाती आणि इतर अनेक मृदुकाय प्राणी या कायद्याच्या अनुसूचीत आले. वर उल्लेखिलेला प्लॅकुनाही त्यात होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली असल्यामुळे जुन्या पुस्तकांतील अनुसूची क्रमांकांवर विसंबू नये. औषधी रक्तप्रवाळ भूमध्य समुद्रातून आयात होतो. स्वस्त ‘प्रवाळमूळ’ म्हणून येणारे पांढुरके, सच्छिद्र, रंगविलेले तुकडे मात्र आपल्याच किनाऱ्यावरील संरक्षित प्रवाळाचे असण्याचा संभव असतो. असा माल घेणारा औषधशाळेचा मालकही कायद्याच्या कक्षेत येतो. जाता जाता अग्निजाराबद्दलही सांगितले पाहिजे. अंबर म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य ज्या देवमाशापासून मिळते, तो गाळणाहारी नसून माकूळ खाणारा दाताळ देवमासा आहे. तो पूर्णतः संरक्षित आहे. अंबर बाळगणे व विकणे हा गुन्हा असून राज्यात या प्रकरणी वारंवार अटका झालेल्या आहेत. कोणी कितीही आग्रहाने नमुना दाखविला तरी त्या व्यवहारात पडू नये.

व्हेल शार्कविषयी समाधानाची बाब अशी की, जाळ्यात अडकलेला हा मासा जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात खाडीच्या पाण्यात बचत गटांच्या स्त्रियांनी कालवे व शिनाणे यांचे संवर्धन हाती घेतले आहे. या पालनात खाद्य टाकावे लागत नाही, कारण प्राणी आपले अन्न पाण्यातूनच घेतो. मांस विकल्यावर कवचांचा ढीग उरतो. आपल्या औषधशाळांनी एकत्र येऊन अशा गटांशी थेट संपर्क केला, तर निदान शुक्तीभस्मासाठी स्थान, जात आणि पाण्याची गुणवत्ता माहीत असलेला माल मिळू शकेल. अर्थात तो खाद्य कालवाचा आहे, मुक्ताशुक्ती नव्हे, हे लेबलवर स्पष्ट असावे.

आपल्या नद्यांतील जलशुक्ती

समुद्राविषयी इतके लिहिल्यावर गोदावरी आणि मांजरा यांना वगळून चालणार नाही. लॅमेलिडेन्स हा गोड्या पाण्यातील शिंपला नदीच्या वाळूमिश्रित गाळात अर्धा रुतून राहतो आणि समुद्रातील आपल्या भावंडाप्रमाणेच पाणी गाळतो. त्याचे जीवनचक्र मात्र विलक्षण आहे. त्याची पिल्ले सुट्या अवस्थेत जगू शकत नाहीत. मादी त्यांना पाण्यात सोडते, तेव्हा ती माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस त्यांच्या आधाराने वाढतात आणि नंतर सुटून तळाशी पडतात. म्हणजे मासे नाहीत तर शिंपले नाहीत. बांधामुळे माशांचे वरखाली जाणे थांबले की, शिंपल्यांचा प्रसारही थांबतो. वाळूचा उपसा झाला की, त्यांचे घरच ट्रकमध्ये भरून जाते. पात्र कोरडे पडले तर प्रौढ शिंपला ओल्या गाळात पुटे मिटून काही काळ तग धरतो, पण फार काळ नव्हे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा दुष्काळात पात्रातील शिंपल्यांची काय गत होत असेल, याची कल्पना करता येते.

शहरांतील सांडपाणी मिसळणाऱ्या भागातील जलशुक्ती औषधासाठी घेऊ नये, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. नांदेड शहराच्या खालच्या अंगाला वेचलेला शिंपला आणि शहराच्या वर, वस्तीपासून दूर वेचलेला शिंपला दिसायला सारखेच असतात, परंतु त्यांनी गाळलेले पाणी एक नसते. भूमी आणि देश पाहून द्रव्यसंग्रह करावा हा नियम आपण वनस्पतींना लावतो. शिंपल्याला तो अधिकच लागू आहे, कारण झाड जमिनीतून निवडून घेते आणि शिंपल्याकडे येणारे सर्व पाणी त्याच्या अंगातून जाते. जिवंत शिंपले उकरून काढण्याऐवजी नदीकाठी आपोआप पडलेली, ताजी, पूर्ण, भंग न पावलेली कवचे घ्यावीत. पुष्कळ वर्षे उन्हात पडून भुसभुशीत झालेली टाकावीत. आणि पोत्यावर गावाचे व नदीचे नाव, वेचल्याचा महिना व वेचणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.